अलोरे शाखेतला बिघाड

११ नोव्हेंबर

परत तेच. काल इंटरनेटची लाइन बदलली, तिच्याबरोबर प्रॉक्सीचा पत्ता बदलला, आणि सकाळपासून निम्म्या शाखा बंद. फोनवर फोन. "मॅडम, काहीच उघडत नाय." मी सांगते, सेटिंगमध्ये जा, जुना आकडा पुसा, नवा टाका. समोरच्याकडून एक टिंब राहतं. मग पुन्हा फोन. शेवटी हरिश्चंद्रकाकांना एसटीत बसवायचं आणि शाखाशाखांतून फिरवायचं.

पतसंस्थेचा संगणक विभाग म्हणजे आम्ही दोघं. मी नावाची प्रमुख. काका हाताखाली, पण वयाने माझ्या वडिलांएवढे, निवृत्तीला आलेले. मिऱ्याला राहतात, घरची बोट आहे, ती धाकटा भाऊ चालवतो. ते स्वतः बोटीवर कधी गेले नाहीत. उलटी होते म्हणतात.

दुपारी रेवाळे साहेबांनी बोलावलं. व्यवस्थापक झाल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत खर्च दिसतो. "तांबे मॅडम, हे असं किती वेळा चालायचं?"

मी त्यांना सांगितलं की प्रॉक्सी म्हणजे दारावरचा रखवालदार. कुठल्याही संगणकाला बाहेर जायचं तर त्याच्याकडूनच जायचं. तो कुठे बसलाय हे आपण प्रत्येक संगणकाला हाताने लिहून देतो, म्हणून तो हलला की सगळे आंधळे. त्याऐवजी फायरवॉललाच, म्हणजे बाहेरची लाइन जिच्यातून आत येते त्या पेटीलाच, सांगून ठेवता येईल. संगणक सुरू झाला की तो फायरवॉलकडे आपला क्रमांक मागतोच, त्याच वेळी तिने रखवालदाराचा पत्ताही द्यायचा. मग पत्ता कितीही वेळा बदलू दे, एका जागी बदलला की झालं.

"मग इतके दिवस का नाही केलं?"

मी वर्षापूर्वी मागितलेली फायरवॉल आत्ता आली, हे त्यांना माहीत आहे. मी मान डोलावून बाहेर आले. नेहमीसारखी.

जमेल का? खरं सांगायचं तर वाटत नाही. जमलं तरी काय? चालतं तेव्हा कुणाला दिसत नाही आणि बंद पडलं की माझं नाव घेतात.

१४ नोव्हेंबर

काकांना सांगितलं. वाटलं होतं खूश होतील. बुरोंडीला जाऊन आले की त्यांना जिना चढवत नाही.

ते पिशवी आवरत होते. म्हणाले, "म्हंजे शाखेत जायला नको?"

"नको. इथून सगळं होईल."

"पालीला पण?"

"पालीलाच पहिल्यांदा लावून बघणार आहे."

"आणि अलोऱ्याला?"

"सगळीकडे, काका. गुडघ्यांची सुटका झाली तुमच्या."

"गुडघ्याचं काय, ते हायतच," म्हणाले आणि बाहेर गेले. माणसाचं भलं करायला जावं तर ही तऱ्हा. आपलं महत्त्व कमी होतंय असं वाटलं असेल. वाटू दे.

त्यांच्या पिशवीत आजही सुकी मासळी होती. सर्व्हरच्या खोलीत एसी असतो, दार बंद, सगळीकडे सोड्यांचा वास. मी बोलले. ते म्हणाले, "सॉरी मॅडम. अलोऱ्याच्या रेणुका मॅडमनी मागवलंनी हायत." प्रत्येक वेळी रेणुका मॅडम मागवतात. अलोरे शाखेतली ती एकटी बाई एवढी मासळी करते तरी काय?

२० नोव्हेंबर

पाली बुडाली.

काल संध्याकाळी मी रखवालदाराचा पत्ता सांगणारी फाइल चढवली. छोटीच आहे. आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सरळ जाऊ द्या, बाकी सगळं प्रॉक्सीकडे पाठवा, एवढंच तिच्यात लिहायचं. नाव मात्र ठरलेलं, बदलून चालत नाही. चार वेळा तपासली. आणि आज सकाळी पालीचे सगळे संगणक ठप्प. आठवडी बाजाराचा दिवस, काउंटरवर रांग, पासबुकं हातात घेऊन माणसं उभी.

एक कंस बंद करायचा राहिला होता. एक कंस.

साहेब सगळ्यांसमोर बोलले. "जमत नसेल तर कोल्हापूरच्या कंपनीला देऊ." मी मान खाली घालून ऐकलं. शिकले, परीक्षा दिल्या, मुंबईची नोकरी सोडून आईसाठी इथे आले, आणि शेवटी कंसावरून बोलणी खाते.

काका पालीला गेले आणि हाताने पत्ते घालून दुपारपर्यंत शाखा सुरू करून आले. आले ते हसत. "झालं मॅडम. आपलं जुनंच बरं." त्यांच्या तोंडावर आनंद बघून मला इतका राग आला की मी आभारसुद्धा मानले नाहीत.

२ डिसेंबर

पाली सुरळीत. आठवडाभर एकही फोन नाही. मला आनंद व्हायला हवा.

पण आज दुसरंच झालं, तेच डोक्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाजवळ आले. इकडेतिकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, रागावणार नसाल तर विचारतो. तुमच्यात बारसं कसं करतात?"

"तुमच्यात म्हणजे?"

"म्हंजे… तुमच्या बौद्धांच्यात. पाळणा असतो काय? का नुसती वंदना? आणि माणसं पांढरंच घालून जातात काय? दुसऱ्या रंगाचं घातलं तर चालत नाय?"

हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं एकत्र काम केलं, याच खोलीत. मला वाटायचं, या माणसाच्या मनात ते नाही. पूर्वी मारुती मंदिराजवळ खोली बघायला गेले होते तेव्हा घरमालकीण बाईंनी असंच गोड आवाजात आडनाव, मग गाव, मग "तुमच्यात देव कुठले" असं विचारत विचारत शेवटी खोली कालच दिली म्हणून सांगितलं. तो आवाज मी ओळखते.

मी म्हटलं, "का? तुम्हाला काय करायचंय?"

ते गडबडले. "नाय, सहज."

"सहज असं कुणी विचारत नाही, काका. मी कधी तुम्हाला विचारलं का तुमच्यात काय करतात ते?"

"चुकलं माझं," म्हणाले आणि डबा न खाताच निघून गेले.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "विचारलं तर सांगायचं होतंस. सांगितल्याने काय झिजणार होतं?" आईला काय, तिने सगळं आयुष्य ऐकून घेण्यातच घालवलं. मी नाही घेणार.

११ डिसेंबर

चिपळूण, देवरुख, बुरोंडी, सगळीकडे लागलं. संगणक सुरू करा, पत्ता आपोआप येतो. फक्त अलोरे अडलंय. इथून सगळं बरोबर दिसतं, फायरवॉल पत्ता देतेय, फाइल पोचतेय, तरी शाखेतून फोन की बंद. काका म्हणाले, "मी जातो, बघून येतो." गेले, राहिले, दुसऱ्या दिवशी परतले. चालू झालं. ते परतल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद. पुन्हा काका.

माझंच काहीतरी चुकतंय. फाइल शंभर वेळा वाचली. कंस सगळे जागेवर. काल जेवताना आई काहीतरी बोलत होती, मला एक शब्द आठवत नाही.

काकांशी कामापुरतं बोलते. तेही नजर वर करत नाहीत.

१९ डिसेंबर

अलोरे तिसऱ्यांदा बंद. साहेबांनी कोल्हापूरवाल्यांना बोलावलंच आहे पुढच्या महिन्यात. मी रेणुकाला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच बोलले. तुमच्या शाखेतच कुणीतरी सेटिंगला हात लावतंय, तुम्हाला लेखी उत्तर द्यावं लागेल.

ती घाबरली. "मॅडम, आमी कोण हात लावत नाय. काकाच जाताना ते आपोआपचं बटण बंद करून जातात. जुना आकडा टाकतात. म्हणाले, असू दे, चार दिवसांनी येऊन लावतो."

मी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं.

मग तीच म्हणाली, "मॅडम, हे वर सांगू नका. त्यांचं इथं काम असतं."

"कसलं काम?"

"ते त्यांनाच विचारा."

मी विचारलं नाही. काय विचारायचं? रात्ररात्र मी स्वतःला मूर्ख समजत होते आणि हा माणूस जाऊन मुद्दाम बंद करत होता. कारण मला स्पष्ट दिसत होतं. पालीला माझं फसलं तेव्हाचं हसणं दिसत होतं. एका बाईच्या, त्यातून माझ्यासारख्या बाईच्या हाताखाली काम करायचं, आणि तिने आपलं काम काढून घ्यायचं, हे त्यांना सोसलं नाही. बारशाचा प्रश्न त्यातलाच.

मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि त्यांनी सांगितल्यावर लेखीही दिलं.

काकांना आत बोलावलं. मीही होते. साहेब विचारत होते, का केलंत, कुणी सांगितलं, प्रवासभत्त्यासाठी का? काका उभेच. भत्त्याचं नाव निघालं तेव्हा एकदा वर बघितलं, तोंड उघडलं, पण माझ्याकडे नजर गेली आणि मिटलं. म्हणाले, "माझी चूक झाली साहेब."

चौकशी होणार. तोवर शाखेत जायचं नाही, आवक-जावकच्या टेबलावर बसायचं.

मला बरं वाटायला हवं होतं.

२७ डिसेंबर

अलोरे उत्तम चाललंय. बिघाड नव्हताच.

काका साहेबांच्या केबिनसमोर बसतात, टपालावर शिक्के मारतात. आज जिन्यात समोरासमोर आलो. ते बाजूला झाले, आणि मी पुढे गेल्यावर मागून म्हणाले, "मॅडम, अलोऱ्याचं नीट चालू हाय ना?"

"अगदी नीट," मी म्हटलं. जरा टोचूनच.

"बरं झालं," म्हणाले.

२ जानेवारी

एक विचित्र गोष्ट. काका आज पांढराशुभ्र शर्ट घालून आले. नवा, शिवलेला, घडी नुकतीच मोडलेली दिसत होती. सकाळीच साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेले. साहेबांनी नाही म्हटलं. चौकशी चालू असताना रजा नाही, कारण काय तेही सांगत नाही माणूस. बाहेर येऊन ते टेबलावर बसले. शाई लागेल म्हणून बाह्या वर दुमडून शिक्के मारत होते. बाहेर एसटी वाजली की मान उचलायचे. दुपारनंतर तेही बंद केलं.

कुणाच्या तरी लग्नाला जायचं असेल.

९ जानेवारी

आज अलोऱ्याला गेले. कोल्हापूरवाल्यांना दाखवण्याआधी प्रत्येक शाखेची पाहणी माझ्या नावावर हवी, म्हणून.

शाखा वीजप्रकल्पाच्या जुन्या वसाहतीजवळ आहे. वसाहत बरीच रिकामी, चाळींच्या खिडक्यांतून झाडं वर आलेली, काही ठिकाणी मात्र दोरीवर कपडे वाळत होते. रेणुकाने चहा दिला, पण बोलली नाही. मी संगणक तपासत होते. सगळं बरोबर.

अकराच्या सुमारास एक मुलगी आत आली, खांद्यावर झोपलेलं बाळ. खातेदार वाटली नाही. सरळ रेणुकाच्या टेबलाशी गेली. "आजपण नाय आले?"

रेणुकाने माझ्याकडे बघितलं. मुलीनेही.

"तुम्ही रत्नागिरीच्या ऑफिसातून आलाव काय? तांबे मॅडम? बाबा सांगतात तुमच्याबद्दल. बाबा आजारी हायत काय?"

"कोण बाबा?"

"हरिश्चंद्र. तुमच्या हाताखाली हायत ना ते. मी सलोनी, त्यांची मुलगी."

मला माहीत होतं की काकांना मूल नाही. मिऱ्याच्या एकाने तसं सांगितलं होतं, काकांनी कधी खोडलं नव्हतं.

ती बसली. बोलत गेली, मी थांबवू शकले नाही. इथल्याच प्रज्ञेशशी तिने लग्न केलं. तो बौद्ध. गावकीने तिच्या बाबांना आणि त्यांच्या भावाला, गुणाजीकाकाला, बोलावून सांगितलं, मुलगी मेली म्हणा नाहीतर तुम्ही दोघेही वाळीत. गुणाजीकाकाची बोट, त्यावरची माणसं, त्याच्या मुलीचं जमत आलेलं लग्न. बाबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, मेली. आणि महिन्याभराने ऑफिसच्या कामाला म्हणून अलोऱ्याला आले आणि या बाकावर बसून रडले.

"घरातून बाहेर पडायला दुसरं कारण नाय ना त्यांना. रविवारी कुठं निघाले तर गुणाजीकाका विचारतो. कामाला कोण विचारत नाय. आई सुकी मासळी देते पिशवीत, आईला माहीत हाय. फोन मी करत नाय, घरात कुणाच्याही हाती लागतो. तेच ऑफिसातनं करायचे."

आता ते साहेबांच्या केबिनसमोर बसतात.

"नामकरणाला येतो म्हणाले होते. दोन तारखेला. आमच्या सासऱ्यांनी दुपारपर्यंत वंदना थांबवून ठेवली. बाबा म्हणालेले, काय घालायचं, कसं बसायचं मला कळत नाय, पण आमच्या ऑफिसात तुमच्यातल्याच एक मॅडम हायत, त्यांना विचारून घेतो, म्हंजे तुझ्या माणसांत माझ्याकडनं काय चुकायला नको." तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्यांनी विचारलंनी ना तुम्हाला?"

मी म्हटलं, हो.

पुढचं मला लिहवत नाही. मी तिला खरं सांगितलं का? थोडं. चौकशी सांगितली, कुणी तक्रार केली ते नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांना मदत करा हां." आणि माझा नंबर घेतला.

परतीच्या एसटीत बसून मी एकच गोष्ट आठवत होते. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

१० जानेवारी

साहेबांकडे गेले. म्हटलं, तक्रार मागे घेते, माझा गैरसमज झाला.

"कसला गैरसमज? त्यांनी कबूल केलंय."

"कारण वेगळं होतं."

"कुठलं?"

काय सांगणार? ते सांगितलं तर जे काका साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहून वाचवत होते तेच मी उघडं करायचं. मी म्हटलं, घरगुती.

"घरगुती कारणासाठी शाखा बंद पाडायची? मॅडम, विषय संचालक मंडळाकडे गेलाय. आता तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही."

बाहेर आले. काका टेबलावर नव्हते. पाणी प्यायला गेले असतील म्हणून थांबले. आलेच नाहीत. शिपायाने सांगितलं, सकाळपासून नाहीत.

१३ जानेवारी

आजही काका नाहीत. फोन बंद.

आज कळलं. संचालकांतले एक मिऱ्याचे. मंडळात विषय निघाला, त्यांनी संध्याकाळी धक्क्यावर गुणाजीला विचारलं, तुझा भाऊ सारखा अलोऱ्याला कशाला जातो रे, एवढं काय हाय तिकडं? कुणाचं वाईट करायचं म्हणून नाही, गप्पांत. गुणाजीला काय हाय ते माहीत होतं.

१६ जानेवारी

गुणाजी राजीनामा घेऊन आला. मोठा रांगडा माणूस असेल असं वाटलं होतं. बारीक आहे, काकांसारखंच नाक, हातात टोपी. साहेबांना कागद देऊन जायला निघाला तेव्हा मी जिन्यात गाठलं.

"काकांना स्वतः येऊ द्या. त्यांची वर्षं भरत आलीत. असं सोडू नका."

"आमच्या भावाला आता नोकरी नको, बाई."

"हे त्यांनी सांगितलं की तुम्ही?"

तो एक पायरी उतरला.

"वाळीत टाकणं गुन्हा आहे. कायदा आहे आता. तक्रार करा, मी येते तुमच्याबरोबर पोलिसांत."

तेव्हा तो माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "कायदा हाय, ऐकून हाय मी. पण बाई, बोट पाण्यात ढकलायला धा माणसं लागतात. ती कायदा देणार काय? पोरीचं लग्न वैशाखात हाय. मांडवात कोण यायचं, कायदा?" आवाज चढला नव्हता. "मला काय आवडतंय काय हे? माझ्या मांडीवर वाढली ती."

आणि उतरून गेला. मला त्याच्यावर रागावता आलं असतं तर सोपं झालं असतं.

१ फेब्रुवारी

सगळ्या शाखा झाल्या. परवा मुद्दाम प्रॉक्सीचा पत्ता बदलून बघितला. मुख्य कार्यालयात एका ठिकाणी बदलला, आणि अलोऱ्यापासून बुरोंडीपर्यंत कुणाला समजलंसुद्धा नाही. असं व्हावं म्हणूनच केलं होतं. सभेत साहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, गुलाबाचं फूल दिलं. आणि म्हणाले, हे सगळं एकदा पायरीपायरीने लिहून कोल्हापूरवाल्यांना द्या, म्हणजे उद्या कुणालाही इथून तिथून चालवता येईल. लिहायला घेतलंय. निदान कामाची किंमत कळली म्हणायची.

काकांची खुर्ची दुसऱ्या विभागाने नेली.

सलोनीचा रोज मेसेज येतो. "बाबा भेटले काय?" आज बाळाचा फोटो पाठवला. रुचिरा नाव ठेवलंय. खाली लिहिलंय, बाबांना दाखवा.

८ फेब्रुवारी

मिऱ्याला जाऊन आले. आई म्हणाली, जाऊ नकोस, त्यांचं आणखी वाढवून ठेवशील. तरी गेले. काय करायला गेले ते आता सांगता येत नाही. माफी मागायला, की फोटो दाखवायला, की मला बरं वाटावं म्हणून.

बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला, माडांखाली, काका जाळं विणत बसले होते. पलीकडे गुणाजी आणि आणखी दोघे. काका खूप उतरलेत. मला बघून उठायला गेले आणि गुडघ्याने बसवलं.

"कधी आलाव मॅडम?"

"आत्ताच. काका, बोलायचं होतं." बाकीचे ऐकत होते. मी शक्य तेवढ्या हळू म्हटलं, "मी अलोऱ्याला गेले होते."

हातातली सुई थांबली नाही. गुणाजीने तोंड दुसरीकडे वळवलं. त्या दोघांपैकी एकाने मात्र वळवलं नाही, तो काकांकडेच बघत होता, उत्तर काय येतं त्याची वाट बघत.

"अलोऱ्याला काय," काका म्हणाले. मोठ्या आवाजात म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं असं. "तिकडं माझं कोण नाय, मॅडम. तुमी चा घ्या."

तो बघणारा माणूस पुन्हा आपल्या कामाला लागला.

मी चहा घेतला. काय करणार? काकांच्या आईने, धोंडूबाईंनी, आतून आणून दिला. खूप म्हाताऱ्या आहेत, मी कोण ते त्यांना कळलं नसावं. त्यांनी विचारलं, "पोरीकडनं आलीस काय गो?" काकांनी जाळ्यात मान इतकी खाली घातली की मला त्यांचं तोंड दिसेना.

मी एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहिले. थोड्या वेळाने मागून एक बाई आली, डोक्यावर रिकामी टोपली, बाजाराला निघाल्यासारखी. शेजारी उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी प्रेमला. तिची आई. बघितलंत तिला?"

"बघितलं."

"बरी हाय?"

"बरी आहे. सासरचे चांगले आहेत."

"आणि ती बारकी?"

मी फोन काढला आणि फोटो लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, पदराच्या आड, उन्हात दिसेना म्हणून तोंडाशी नेला. बोट काचेवरून एकदा फिरवलं, तर फोटो सरकला आणि दुसरंच काहीतरी आलं. घाबरून माझ्याकडे बघितलं. मी परत लावून दिला. मग पुन्हा बघत राहिल्या, आणि बघता बघता स्क्रीन आपोआप काळी झाली.

"परत लावते," मी हात पुढे केला.

"नको." फोन त्यांनी माझ्या हातात कोंबला. "भावजी येतायत मागनं."

त्या चार पावलं बाजूला सरकल्या. गुणाजी खरंच येत होता, सायकल हातात धरून. तो आम्हा दोघींच्या मधून गेला, कुणाकडेही न बघता. मग एसटी येईपर्यंत आम्ही ओळख नसलेल्या दोन बायका उभ्या असतात तशा उभ्या राहिलो.